पेन्सिलीतली नाडी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

औषधकंपनीवाले दरवर्षी डायरी देतात आणि दरवर्षी राजश्री तिच्यात लोणच्यांची प्रमाणं लिहिते. यंदा मी आधी पळवली. ती म्हणाली, "तुम्ही लिहिणार? तुमची चिठ्ठी केमिस्टला वाचता येत नाही." न येऊ दे. साठी उलटल्यावर माणसाने नवं काही मांडलं तर त्याची नोंद राहावी.

मांडलं ते असं. एकतीस वर्षं मुंबईत पायांच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं केली, निवृत्त झालो आणि रत्नागिरीला घरी आलो. इथे कोणाचा पाय काळानिळा पडायला लागला की त्याला कोल्हापूर नाहीतर मुंबई. गाडी मिळवा, नातेवाईक जमवा, घाट चढा. पोचेपर्यंत पायाचा निकाल लागलेला. म्हणून इथल्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या डीनना जाऊन म्हटलं, सहा खाटा द्या आणि सर्जरी शिकणारे दोन रेसिडेंट द्या, मी त्यांना या कामात तयार करतो. डीन म्हणाले, "शेट्ये, सहा महिने बघू." बघा म्हटलं.

आज दोघं हजर झाले. योगिनी भुवड तिसऱ्या वर्षाची, दापोलीची, वडील कृषी विद्यापीठात माळीकाम करायचे. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिला भारी. शुभंकर पहिल्या वर्षाचा, पुण्याचा, त्याचं तोंड बंद करणं भारी.

पहिला धडा माझा ठरलेला. पायाच्या पाठीवर तीन बोटं ठेवायची आणि नाडी शोधायची. हलक्या हाताने. दाबलंत की मेलात. जोरात दाबलं की बोटाला स्वतःचीच नाडी लागते आणि वाटतं पेशंटची सापडली. म्हणून दुसरा हात स्वतःच्या मानेवर ठेवायचा. इकडचा ठोका आणि तिकडचा ठोका एकदम पडायला लागले तर समजा, तुम्ही पेशंटला सोडून स्वतःलाच तपासताय. पायाची नाडी लागत नसेल तर रक्त पोचत नाही, आणि रक्त पोचत नसलेल्या पायावर सुरी चालवली तर जखम भरत नाही, पाय जातो. सगळी विद्या एवढीच, बाकी शिवणकाम.

शुभंकरने विचारलं, "सर, तुम्ही नाही ठेवत मानेवर हात?" म्हटलं, मेल्या, तीस वर्षांनी तूही ठेवू नकोस.

दुसरा नियम माझ्या मुंबईच्या बॉसचा. रेसिडेंटने आपल्या बोटाला काय लागलं ते केसपेपरवर पेन्सिलीने लिहायचं. मग मी बघणार. मी सांगेन ते पेन्सिल खोडून शाईने लिहायचं आणि खाली रेसिडेंटने सही ठोकायची. पोरं शिकतात आणि पेपरही स्वच्छ राहतो.

गुरुवार, ९ जानेवारी

डायलिसिसच्या एका पेशंटच्या मनगटात शीर आणि धमनी जोडली. साधं काम, पण धागा तीनदा तुटला. हल्ली धागा हलका येतो, कंपनी बदला म्हणून स्टोअरला सांगितलं. तिसऱ्यांदा तुटल्यावर योगिनी म्हणाली, "सर, गाठ मी मारू?" आगाऊपणाच म्हणायचा, पण मारू दिली. बरी मारली. कौतुक केलं नाही. कौतुकाने पोरं बिघडतात.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. राजश्री गुळाचा पाक करत होती. उतू जाईल म्हणून मी पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं. ती ओरडली, "अहो, सांडशी!" मला काहीच वाटलं नव्हतं. मग बघितलं तर दोन बोटांवर फोड. ती म्हणते साखर तपासून घ्या, तहानही फार लागते तुम्हाला. मी तिला म्हटलं, सर्जनचं कातडं आहे, रोज ब्रशने घासून घासून निबर झालंय. डॉक्टर या घरात एकच आहे ना? मग त्याला काम करू दे. ती बोटांना मलम लावत बसली.

सोमवार, २० जानेवारी

भागूबाई म्हणून एक बाई दाखल झाली. पूर्णगडची, सत्तावन्न वर्षांची. सकाळच्या एसटीने टोपली घेऊन येऊन रत्नागिरीच्या बाजारात मासे विकते. पंधरा दिवसांपूर्वी टोपली उपसताना शिंगाळा माशाचा काटा डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात घुसला. मधुमेह आहे हे तिला इथे आल्यावर कळलं. करंगळी काळी, बाजूला जखम, पू.

पहिला शब्द काय तर, "डाक्टर, पाय कापायचा नाय हां. बाजारात मी उकिडवी बसतंय दिवसभर. लाकडाच्या पायान उकिडवा बसता येत नाय." म्हटलं, बाई, पाय वाचवायलाच आम्ही बसलोय. घरी कोण? मुलगा रूपेश, तो बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. नवरा नाही. म्हणजे घर हिच्या टोपलीवर.

तोंडाची मोठी तिखट. मला म्हणाली, "तुमी बोटान काय बगताव? मीबी बोटानच बगतंय. मासा दाबला की कळतो सकाळचा का कालचा." मी म्हटलं, मग आपण एकाच धंद्यातले. वॉर्ड हसला. योगिनीसुद्धा हसली, म्हणजे बघा.

केसपेपरवर योगिनीने पेन्सिलीने लिहिलं होतं, डाव्या पायाची नाडी लागत नाही. मी बोटं ठेवली. सुरुवातीला नाही सापडली, जरा जोर दिला आणि लागली की टणटणीत. म्हटलं, ये, बघ. तिने परत बोटं ठेवली, एक हात मानेवर, डोळे मिटून. बराच वेळ. मग म्हणाली, "सर, मला नाही लागत." मी म्हटलं, तीन वर्षांत लागत नाही, तीसमध्ये लागेल, शाईने लिही. तिने खोडलं आणि लिहिलं, नाडी लागते. सही केली.

म्हणजे रक्तपुरवठा चांगला आहे, भानगड फक्त जंतूंची. अँजिओग्राफीची गरज नाही. करंगळी काढू, पू साफ करू, महिन्यात बाई बाजारात.

मंगळवार, २१ जानेवारी

राऊंडला गेलो तर योगिनी भागूबाईच्या पायावर डॉप्लर लावून बसलेली. डॉप्लर म्हणजे पेनासारखं यंत्र, कातडीवर टेकवलं की रक्त वाहतानाचा आवाज ऐकू येतो. म्हणाली, "सर, आवाज वाईच बारीक येतोय." मी म्हटलं, जेली कमी लावली असशील. आणि जिथे बोट सांगतंय तिथे यंत्राला विचारायला जायचं नाही. यंत्र आलं की बोटं मरतात, अशी डॉक्टरांची एक अख्खी पिढी मी बघितली आहे. दहा माणसांत बोललो, जरा जोरातच. तिने यंत्र पुसून पेटीत ठेवलं.

पोरगी हुशार आहे, पण स्वतःवर विश्वास नाही. हा रोग मोठा.

शुक्रवार, २४ जानेवारी

भागूबाईची करंगळी काढली. इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. रक्त म्हणून आलंच नाही, दोन बोळ्यांत आटोपलं. शुभंकर म्हणाला, "सर, ब्लीडिंग किती कमी." म्हटलं, हात बघ कोणाचा आहे. योगिनी माझ्याकडे बघत होती. मास्कमुळे चेहरा कळला नाही.

सोमवार, २७ जानेवारी

योगिनीने विचारलं, भागूबाईंची अँजिओग्राफी करायची का. मी म्हटलं, कशाला? "जखमेच्या कडा फिक्या आहेत, सर." तीन दिवसांत कडा लाल व्हायला ती काय जास्वंद आहे? त्या तपासणीच्या औषधाने किडनीला त्रास होतो, मधुमेही बाईला उगाच कशाला. ती "हो सर" म्हणाली. तिचं "हो सर" मला आवडत नाही. त्यात हो नसतं.

आणखी एक. राऊंड संपला की दोघं अर्धा तास गायब होतात. सिस्टरला विचारलं तर ती दुसरीकडे बघते. कॅन्टीनला जात असणार. आमच्या वेळी चहाला जायचं तर बॉसची परवानगी लागायची.

रविवार, २ फेब्रुवारी

तारल्या आणल्या होत्या. जन्म गेला तारल्या खाण्यात. बोटांनी चाचपून काटा काढायचा आणि गप्पा मारत जेवायचं, त्यात काय विचार करायचा असतो? आज दोनदा घशात काटा. भाताचे गोळे गिळून गिळून नाकी नऊ आले. राजश्री म्हणाली, "तुमच्या घशात कधी काटा गेलेला मी बघितला नाही." मग माझ्या ताटातला मासा स्वतःकडे ओढून तिने निवडून दिला, आजारी माणसाला देतात तसा. मला राग आला आणि मी खाल्लाही.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. पुलापाशी आलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. कधी निघाली कळलं नाही. वाळूत परत जाऊन शोधली. नव्या चपला, अजून पायात बसलेल्या नाहीत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भागूबाईची जखम काळी पडली. नुसती जखम नाही, शेजारची दोन बोटंही. वास येतोय. मी ड्रेसिंग काढलं तर पट्टीचा वळ पायावर उमटलेला. डोकं फिरलं. योगिनीला सगळ्या वॉर्डसमोर विचारलं, पट्टी बांधलीस की गाठोडं? चांगल्या वाहत्या नाडीचा पाय तू आवळून मारलास. ती म्हणाली, "पट्टी सैल होती, सर. वळ सुजेचा आहे."

भागूबाई मध्ये पडली. "तिला कशाला बोलताव? ती एकटीच माजा पाय रोज हातात धरून बसते." मी म्हटलं, तुम्ही पडून राहा.

मला पोरीवर ओरडायला आवडत नाही. पण पाय तिच्या हातून गेला तर मी काय करू?

शनिवार, ८ फेब्रुवारी

काळेपणा घोट्यापर्यंत चढला. ताप एकशे तीन, रक्तात जंतू. आज मी स्वतः डॉप्लर मागवला. आवाज नाही. पायात कुठेच नाही. आता अँजिओग्राफी करून, दुसरी वाट जोडून रक्त न्यायला वेळ नाही, पाय ठेवला तर बाई जाईल. गुडघ्याखाली कापायचा ठरला.

मी भागूबाईला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, योगिनीकडे बघितलं. मग म्हणाली, "रूपेशला येऊ दे." रूपेशची बोट परवा धक्क्याला लागेल, तोवर थांबता येणार नाही असं मी समजावलं. अखेर म्हणाली, "सोमवारपत्तूर थांबा. नायतर तो विचारील, मला न विचारता कापलान." अँटिबायोटिक वाढवून थांबलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

रूपेश आला. अंगाला डिझेलचा आणि माशाचा वास, तसाच धक्क्यावरून उठून आलेला. भांडेल म्हणून मी तयारीत होतो. तो नुसता म्हणाला, "तीन हप्त्यांपूर्वी ती चालत आली व्हती, सायेब." आणि कागदावर सही केली.

डीननी लेखी अहवाल मागितला. नव्या युनिटमध्ये कापावा लागणारा पहिला पाय, त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. मी लिहिला. दाखल होताना नाडी चांगली लागत होती, केसपेपरवर तशी रेसिडेंटच्या सहीची नोंद आहे. नंतर ड्रेसिंग घट्ट झाल्याने पुरवठा बंद पडला असावा. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. शनिवारी चुकांची मासिक बैठक, तिथे योगिनीला उभं राहावं लागेल. बहुतेक तिचं शिक्षण सहा महिने वाढवतील. वाईट वाटतं. पण वाटण्याने शिक्षण होत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलून लिहीन.

ऑपरेशन नऊला सुरू. योगिनी समोर. पोटरीतली मोठी धमनी कापली तेव्हा कात्रीला कर्र आवाज आला, वाळका वेत कापताना येतो तसा. कापलेलं तोंड वर करून बघितलं. पांढरी, चुन्यासारखी कडक, आत गच्च भरलेली. हे पंधरा दिवसांचं काम नव्हे. पट्टीने होत नाही. ही धमनी वर्षा-दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेली होती. या वाटेने पायात नाडी पोचणं शक्य नव्हतं. बाई दाखल झाली त्या दिवशीही नाही.

मी योगिनीकडे बघितलं. ती धमनीकडे बघत होती. शिवून संपवलं. शिवण बहुतेक तिनेच घातली.

पेशंटला बाहेर नेलं. मी हातमोजे काढले आणि नोंद लिहायला कोपऱ्यात बसलो. शेजारच्या ट्रॉलीवर पाय होता, हिरव्या कपड्यात, तपासणीला पाठवायचा. कपडा बाजूला झालेला. मी सवयीने त्याच्या पाठीवर तीन बोटं ठेवली. का ते विचारू नये. धमनी बंद होती तर वीस तारखेला मला लागलं होतं ते काय, हेच बहुतेक डोक्यात असावं.

नाही लागली. मग जरा जोर दिला.

नाडी लागली. टणटणीत. घड्याळ लावून मोजली, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. अर्ध्या तासापूर्वी कापून काढलेल्या पायाची.

मग मी दुसरा हात माझ्या मानेवर ठेवला. दोन्ही ठोके एकदम पडत होते.

सिस्टर आली, तिने विचारलं, सर, पाय नेऊ का. मी म्हटलं, ने.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गेलो नाही. सकाळपासून घरात बोटं ठेवत फिरतोय. जेवणाच्या टेबलाची नाडी चांगली आहे. दाराच्या चौकटीची आहे. कुकरच्या झाकणाची तर तरुण माणसासारखी. राजश्री बघत होती. तिने हात धरून मला खाली बसवलं आणि विचारलं. सांगितलं सगळं. ती रडली नाही. म्हणाली, "संक्रांतीला सांगत होते." लॅबवाल्या पोराला तिनेच बोलावून घेतलं. उपाशीपोटी साखर दोनशे अडतीस. बोटं कधीपासून बधिर आहेत हे विचारणार कोण? मीच डॉक्टर.

बुद्धी शाबूत असती तर चप्पल वाळूत राहिली तेव्हाच कळायला हवं होतं. हजार पेशंटना मी हा प्रश्न विचारला असेल, चप्पल पायातून निघाली तर कळतं का?

दुपारी शुभंकरला फोन केला. विचारलं, राऊंडनंतर तुम्ही दोघं कुठे जाता? तो आधी घुटमळला, मग बोलत सुटला. कॅन्टीनला जात नाहीत. राऊंड संपवून मी वॉर्डातून निघालो की डॉप्लर घेऊन सगळे पाय परत तपासतात. तिघांच्या बाबतीत मी सांगितलेलं चुकीचं निघालं, तिथे मॅडमनी औषधं गुपचूप बदलली. "मॅडम म्हणाल्या सरांना कळता कामा नये, त्यांना लागेल." आणि भागूबाई? "तिथे बदलता येण्यासारखं नव्हतं, सर. अँजिओला तुमची सही लागते."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डीनना भेटलो. अहवाल बदलायचा आहे म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दार लावलं. म्हणाले, "शेट्ये, लेखी आलेलं कशाला उकरता? पोरीचे सहा महिने जातील, एवढंच. तुमचं नाव बाहेर आलं तर युनिट गेलं. मग परत प्रत्येक पाय कोल्हापूरला." हे त्यांचं खरं आहे. मी म्हटलं, विचार करतो.

खरोखर विचार केला, हे लिहून ठेवतो. दिवसभर केला. सही तिची आहे. पेन्सिल खोडलेली आहे. धमनीचं तोंड आम्ही दोघांनीच बघितलं, आणि ती बोलणारी नाही. मी गुपचूप साखर आटोक्यात आणीन, सुरी योगिनीसारख्यांच्या हातात देईन, स्वतः नुसतं शिकवीन. सहा खाटा राहतील. पुढच्या वर्षभरात दहा-बारा पाय तरी वाचतील. असा सगळा ताळा जमत होता आणि जमतोय म्हणून मला बरंही वाटत होतं. शरम वाटायला हवी होती, ती संध्याकाळी वाटली.

संध्याकाळी वॉर्डात जाऊन भागूबाईचा केसपेपर काढला आणि खिडकीशी उजेडात तिरका धरला. शाईच्या खाली खोडलेली पेन्सिल दिसते. अक्षर दाबून लिहिलेलं, कागदात रुतलंय. लागत नाही. त्यावर, लागते. त्याखाली सही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बैठकीला पंचवीस-तीस डॉक्टर. योगिनी उभी राहिली, हातात कागद. सुरुवात केली, "दाखल करताना माझ्याकडून नाडीची नोंद..." पोरगी खरंच स्वतःवर घ्यायला निघाली होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी उठलो. फार बोललो नाही. केसपेपरचा तिरक्या उजेडातला फोटो पडद्यावर लावायला सांगितला, म्हटलं, खालचा शब्द तिचा, वरचा माझ्या सांगण्यावरून. तिने एकदा डॉप्लर लावला, एकदा अँजिओग्राफी सुचवली. दोनदा मी गप्प केलं. माझी बोटं बधिर आहेत, साखर दोनशे अडतीस आहे, आणि कापलेल्या पायाची नाडी मी अठ्ठ्याऐंशी मोजली. माझा अहवाल फाडा.

कोणीतरी पंखा वाढवला. डीन टेबलावरचे कागद सरळ करत होते. मग म्हणाले, ऑपरेशन थिएटर आजपासून बंद, युनिटचं पुढे बघू. म्हणजे युनिट गेलं.

बाहेर जिन्यात योगिनी भेटली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "सर, मी तुमच्या तोंडावर ओरडायला हवं होतं." मी म्हटलं, मी ओरडू दिलं असतं का? ती म्हणाली, "नाही. तरी." आणि रडायला लागली, मी पाहिलेली पहिलीच वेळ. जिन्यावर तिच्या शेजारी बसून राहिलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

एक काम उरलं होतं. भागूबाईला सांगायचं. डीन म्हणाले होते, आधी वकिलाला विचारा. नाही विचारलं.

ती उशीला टेकून बसलेली. रूपेश कपात चहा ओतत होता. मी स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. सोप्या शब्दांत, जसं झालं तसं. पायात रक्त पोचत नव्हतं, ते वेळेवर कळलं असतं तर दुसरी वाट जोडून पाय बहुतेक वाचला असता. योगिनीला कळलं होतं. मला कळलं नाही, कारण माझ्या बोटांना आता कळत नाही. आणि मी तिचं ऐकलं नाही. तक्रार करायची असेल तर कागद मीच देतो.

रूपेशचा हात थांबला. चहा बशीत सांडला. तो बाहेर निघून गेला.

भागूबाईने चादरीकडे बघितलं, जिथे पाय नव्हता तिकडे. मग म्हणाली, "तुमचा हात द्या." मी दिला. तिने माझी तीन बोटं आपल्या बोटांत घेऊन दाबली, एकेक करून, मासा दाबतात तशी. सोडून दिली.

"आमच्यात बाईच्या बोटाला मासा कळायचा बंद झाला," ती म्हणाली, "की ती आपणहून टोपली सुनेच्या पुढ्यात ठेवते नि मागं बसते. कुनी सांगावा लागत नाय. डाक्टर, तुमी कशाला फुडं बसलाव?"

 

योगिनी आली होती, भागूबाईचा उजवा पाय बघायला. तिने तीन बोटं ठेवली, दुसरा हात मानेवर, डोळे मिटले. मी तिच्या हातातला केसपेपर घेतला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ह्याही पायाची लागत नाही." मी पेन्सिल मागितली नाही. शाईने लिहिलं, उजव्या पायाची नाडी लागत नाही, तपासणारी योगिनी भुवड. खाली, तातडीने अँजिओग्राफी. त्याच्याखाली माझी सही केली.

गाडी उद्या सकाळी सातला आहे, कोल्हापूरची. योगिनी बरोबर जातेय.